शेंडे खुडले त्या साली

हरभऱ्याचे शेंडे खुडण्यात आमच्या गावात माझा हात धरणारा न्हवता. ज्याला शाळा न्हाय, सही न्हाय, त्यानं कशाची तरी ऐट करावीच की! शेंडा खुडला की बगलंतनं फांद्या फुटत्यात, झाड डेरेदार हुतं. मला येवढंच यायचं, आन तेवढ्यावर म्या पंडित.

बहात्तरच्या दुष्काळानंतर धा-बारा वर्सांनी पावसानं परत दडी मारली. आमी नवरा-बायकू रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायचो. तिथं तिच्या उजव्या डोळ्यात कपची उडाली. धाराशिवचा डाक्टर म्हनला, "हिला धुरळ्यात धाडू नका, न्हायतर डोळा जाईल." माझ्या एकट्याच्या हातोड्यावर घर चालत न्हवतं. त्याच येळी सोसायटीनं सूर्यफुलाचं नवं बी वाटलं. म्हनलं, पीक निघंस्तोवर मेव्हण्याकडनं उसन्या आनल्याल्या जवारीवर दिस ढकलू, मग ती घरीच बसंल, डोळा वाचंल.

आडातनं घागरीनं पानी घालून रोपं कमरंएवढी केली. बघतो तर एका रोपाला एकच दांडा, वर एकच बोंड. येवढ्या मेहनतीला एकच फूल?

डोळ्याला फडकं बांधून बायकू उंबऱ्यात बसल्याली. म्हनली, "अवो, सोसायटीच्या मान्साला इचारा तरी."

"त्यो काय शिकिवतो मला? त्यानं कवा हरभरा खुडलाय का?"

एका सकाळीत सगळं रान खुडलं, गाणं म्हनत. बोंडं शेरडांनी खाल्ली. त्या साली आमच्या घरात तेवढी शेरडंच खूश झाली.

पंधरा दिवस गेले तरी दांडे नुसते हुबे. कुठंमुठं बगलंत काडीएवढी फांदी आली, तिच्यावर सदऱ्याच्या गुंडीएवढं फूल, तेबी पोचट.

सोसायटीचा मानूस सायकलवरनं आला. आधी हसला, मग बांधावर बसला. "काका, ह्ये काय केलंत?"

"फांद्या फोडाय लागलो व्हतो."

"आवो, फांद्या किती फुटायच्या ते बियातच ठरल्यालं असतंय. पोराला आई-बापाचं नाक येतं ना, तसं. हरभऱ्याचा शेंडा गेला की बगलंतले निजल्याले कोंब उठत्यात. ह्या बियात एकच दांडा, एकच मोठं फूल, असा गुण निवडून आनलाय. त्योच तुमी खुडला."

"मग आधी सांगायचं की!"

"बी वाटताना सांगितलं. तुमी पुढं बसून लोकांना हसवत व्हता."

व्हय, व्हतो. म्या केल्याली त्याची नक्कल लई चालली त्या दिवशी.

सोमवारी बायकूनं हातोडा घेतला. म्या म्हनलं, "तू बस, दोघांची खडी मी फोडतो."

"आधी तुमची तरी पुरी करा," म्हनली आन फडक्यावर पदर बांधून पुढं चालाय लागली.

उन्हाळा सरंस्तोवर डोळा गेला. आता जेवताना म्या तिच्या उजव्या बाजूलाच बसतो. तिथनं तिला माझं तोंड दिसत न्हाय.