शनिवारी न उचललेला पाना

१ सप्टेंबर १९९४ रोजी सॉलोमनने हमरापूरच्या कान्हूकडून क्लच बदलण्याचे एक हजार चारशे पंच्याऐंशी रुपये घेतले. त्याच्या रोह्याच्या गॅरेजातून कान्हूची जुनी व्हॅन बाहेर पडली तेव्हा गिअर दोन बोटांनी पडत होते. गिअरच्या दांडीच्या बुडाशी असलेलं रबर मात्र फाटलेलं होतं. नवं पेणला मिळेना, म्हणून सॉलोमनने ते पुढच्या आठवड्यावर टाकलं.

शनिवारी सकाळी व्हॅन परत आली ती गणपतींनी भरलेली. गॅरेजाला कुलूप होतं. ज्यू धर्मात शनिवारी दिवेलागणीपर्यंत काम वर्ज्य, म्हणून बाप सायमन त्या दिवशी हत्यार धरत नसे. भाऊ इस्राएलला गेले, पण मागे राहिलेल्या सॉलोमननेही तो नेम सोडला नव्हता. धुतला सदरा घालून तो ओट्यावर बसला होता.

कान्हूने उतरताच त्याची गचांडी धरली. "चोरा! दोन हातांनी ओढला तवा गिअर पडला नि गाडी उसळली. नागोठण्यापर्यंत सहा मूर्तींचे हात गेले! तुटक्या हाताचा देव कोण नेईल घरी?"

"दिवे लागल्यावर ये, कान्हू."

"दुपारच्या आत खांबला माल उतरवायचा हाय. काढ पाना!"

"आज नाय. तुला ठाऊक हाय."

कान्हूने त्याला ओट्यावरून खाली ओढलं. पहिला ठोसा कानावर बसला, दुसरा तोंडावर. दात तुटून जिभेवर आला. मग कान्हूने जॅकचा दांडा काढला आणि त्याच्या उजव्या पंजावर हाणला.

"हातच मोडतो, मंग सातही दिवस सुट्टी!"

गाडीतला पाना त्याने सॉलोमनच्या मुठीत कोंबला. सॉलोमनने बोटं उघडली. पाना पडला. बरगडीत लाथ बसली. पाना पुन्हा मुठीत आला, पुन्हा पडला.

सॉलोमनची बायको रेबेका कोयता घेऊन धावत आली. "मेल्या, सोड त्याला! नाय तर तुझे हात तोडून त्या मूर्तींशेजारी ठेवीन!"

कान्हू थबकला. गाल मातीला टेकलेल्या सॉलोमनला तेवढ्यात गाडीच्या पोटाखाली काहीतरी पांढरं दिसलं.

"काल गाडी धुतलीस?" तो रक्त थुंकत म्हणाला.

"देव ठेवायचे तर धुवायला नको? सकाळी प्लास्टरची पोती नेली होती. मंग चार बादल्या ओतल्या."

फाटक्या रबरातून प्लास्टरची भुकटी गिअरच्या खालच्या सांध्यांवर उतरली होती आणि पाणी पडताच तिचा दगड झाला होता. ते रबर बदलायचं सॉलोमननेच सोडलं होतं. दातापेक्षा हे जास्त ठणकलं.

"मी हात लावणार नाय. तू शीर खाली. तोच दांडा घे."

रेबेकाने कोयता खाली ठेवला नाही. कान्हू गाडीखाली सरकला. सॉलोमन रक्ताळलेल्या सदऱ्याने मातीत बसून सांगत राहिला, "डाव्या सांध्यावर. हळू. माझ्या तोंडावर मारलास त्याच्या निम्म्याने."

पांढऱ्या खपल्या कान्हूच्या डोळ्यांत पडल्या. त्याने शिव्या दिल्या, सांधे खरवडले, तेल सोडलं. सव्वाअकराला पहिला गिअर पडला. चौतीस मूर्ती धड खांबला पोचल्या.

रविवारी सॉलोमनने डाव्या हाताने नवं रबर बसवलं आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. उजव्या हाताची दोन बोटं पुढे कधी पुरती मिटली नाहीत. दाताच्या डॉक्टरने एकशे चाळीस रुपये घेतले. विसर्जनानंतर कान्हूने शंभर आणून दिले. चाळीस रुपये अजून यायचे आहेत.