चौथ्या मजल्यावरचा प्रश्न

लिफ्टवाला मेव्हणीशी लग्न करणार, ही बातमी आमच्या गल्लीत मंगळवारी सकाळी आली आणि दुपारपर्यंत चांगली बाळसेदार झाली. पुरावा पक्का होता. मेव्हणीच्या इमारतीची लिफ्ट ठणठणीत असताना तो आठवड्यात तीनदा तिथे गेला, आणि तिन्ही वेळा इस्त्रीचा शर्ट घालून. वॉचमननं पाहिलं म्हणजे पाहिलंच. बुधवारी खरं कळलं आणि सगळ्यांचा विरस झाला. त्याला मागणी घालायची नव्हती, फक्त एक प्रश्न विचारायचा होता. मागणी घालणं त्यामानानं सोपं गेलं असतं.

माणूस पन्नाशीला टेकलेला, धंदा लिफ्टदुरुस्तीचा, खिशात कायम ग्रीसचं फडकं. बोलणं इतकं मोजकं, की लिफ्टमध्ये अडकलेल्यांना बाहेरून धीर द्यायचा तोही "आलो" एवढ्याच शब्दात. सहा वर्षांपूर्वी बायको गेली तेव्हा मुलगी नऊ वर्षांची होती. जिना चढताना शिट्टी वाजवते म्हणून सगळे तिला शिट्टीच म्हणतात. महिन्याभरानं मेव्हणी आली आणि म्हणाली, "भाऊजी, पोरगी माझ्याकडे द्या. उद्या ती मोठी झाली की काय करणार आहात? पाना-पक्कड घेऊन बसणार?"

"तुमची गरज पडणार नाही," तो म्हणाला.

त्यानंतर दोघांचं बोलणं बंद. पण गंमत अशी, की तिच्या इमारतीची लिफ्ट त्याच्याच गळ्यात. दर महिन्याच्या तपासणीत प्रत्येक मजल्यावर थांबायचं, दार उघडायचं, लिफ्ट जमिनीला बरोबर टेकते का बघायचं. चौथ्या मजल्यावर दार उघडलं की समोर तिचं दार. तिथे हा मान खाली घालून उंबरा इतका बारकाईनं तपासायचा, की त्या इमारतीत लिफ्ट सगळ्यात सरळ टेकते ती चौथ्या मजल्यावर.

बाकी पोरीला त्यानं वाढवलं ते मात्र झकास. पहिल्या वेण्या लिफ्टच्या दोरासारख्या पीळदार यायच्या, पण सुटायच्या नाहीत. ती अकरा वर्षांची झाली तेव्हा त्यानं ग्रंथालयातून पुस्तक आणलं, वायरिंगचा नकाशा काढावा तशी कागदावर आकृती काढली आणि घाम पुसत पाळीबद्दल सगळं समजावलं. शिट्टीनं शांतपणे ऐकून घेतलं. "बाबा, तुमचं चित्र शाळेतल्यापेक्षा चांगलंय," ती म्हणाली. "बाईंनी मागच्याच आठवड्यात शिकवलं."

मग दोघं वाट बघत बसले. बारावं गेलं, तेरावं गेलं, चौदावं गेलं. वर्गातल्या सगळ्या मुलींचं सुरू झालं. पंधरा पूर्ण होऊन वर चार महिने झाले, तेव्हा ताटल्या पुसता पुसता शिट्टीनं विचारलं, "बाबा, माझ्यात काही बिघडलंय का?"

आयुष्यभर लोकांनी त्याला हाच प्रश्न विचारला होता आणि दर वेळी त्याच्याकडे उत्तर होतं. या वेळी त्यानं पुसलेली ताटली पुन्हा पुसली. तळमजल्यावरच्या काकूंनी मायेनं एक चूर्ण दिलं. त्यानं आठ दिवस पोरीचं पोट तेवढं बिघडलं.

मग तो तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. बाईंनी आधी चूर्ण बंद केलं. उंची घेतली, वजन घेतलं. जेवण किती, खेळ किती, डोकं दुखतं का, असं सगळं विचारलं. त्याला बाहेर बसवून मुलीशी वेगळं बोलल्या. रक्त तपासलं, थायरॉइड पाहिलं, सोनोग्राफी केली. पुढच्या खेपेला म्हणाल्या, "पंधरा झाली तरी पाळी आली नाही तर दाखवायचं असतं, ते तुम्ही केलंत. आतले अवयव जागेवर आहेत, रिपोर्ट चांगले आहेत. अंगाची वाढ उशिरा सुरू झाली, पण सुरू झाली आहे. हिच्या आईला कितव्या वर्षी आली होती?"

तो फडक्याशी चाळा करत राहिला. बारा वर्षांचा संसार, आणि बायकोला हे कधी विचारलंच नव्हतं.

"कुणाला तरी विचारा," बाई म्हणाल्या. "घरातच उशिरा येत असेल तर थांबून बघू, दर तीन महिन्यांनी तपासू. सोळा उलटूनही काही हाललं नाही तर औषधांचा विचार करू. पण आईला वेळेवर आली असेल, तर मला आत्ताच आणखी खोलात जाऊन शोधावं लागेल."

विचारायचं कुणाला? सासू-सासरे कधीच गेलेले. उरली चौथ्या मजल्यावरची. ती काय म्हणेल, हे त्याला पाठ होतं. म्हणून तीन खेपा झाल्या. लिफ्ट वर जायची, दार उघडायचं, उंबरा तपासला जायचा, लिफ्ट खाली.

चौथ्या खेपेला दार उघडलं तर समोर मेव्हणीच उभी, कमरेवर हात ठेवून.

"भाऊजी, लिफ्ट बिघडलीय की तुम्ही?"

त्यानं उंबऱ्याकडे बघतच प्रश्न विचारून टाकला. मेव्हणीचे हात कमरेवरून खाली आले. तिनं त्याला आत नेलं, पाणी दिलं.

"ताईला सोळा पूर्ण झाल्यावर," ती म्हणाली. "मला साडेपंधराला. ताई तर वर्गात लाजेनं पाळी आल्यासारखी पोटदुखीची सोंगं करायची. एकदा इतकं छान सोंग केलं, की बाईंनी रिक्षा करून घरी पाठवलं. आईनं तेव्हा तिला मारलं, आणि मग पोटाशी धरून रडली."

त्याला हसू आलं. मग बराच वेळ तो फडक्यानं तोंड पुसत राहिला. त्या फडक्यानं चेहऱ्याला ग्रीस लागलं, तरी मेव्हणीनं एवढंच विचारलं:

"शिट्टीला सांगितलंत का, की आईचंही असंच होतं?"

"आत्ता तर मलाच कळलं."

"मी सांगते तिला. सोंगांसकट." तिनं पाण्याचा पेला उचलला. पण मूळ स्वभाव कुठे जाणार? "बघा, गरज पडली की नाही? आता तरी देताय का पोरगी माझ्याकडे?"

तो उठला, पिशवी खांद्याला लावली.

"सोमवारी डॉक्टरांकडे तुम्ही चला. आत तिच्याबरोबर तुम्ही जा. बाहेरच्या बाकावर मी बसेन, आणि घरी ती माझ्याबरोबर येईल."