नकाराचा फोन कोणी करायचा

मुलांनो, मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही मला विचारलंत, "आजी, वॉज बाबा रिअली दॅट गुड? कॉलेज-टीम गुड?" त्यावर तुमचा बाबा मागून ओरडला, "एका कॉलेजला हो म्हणालो आणि दुसऱ्यात गेलो. दॅट्स ऑल." तो ही गोष्ट नेहमी एवढ्यातच उरकतो. आजोबा असते तर त्यांनी ती हातवारे करून तासभर सांगितली असती, आणि त्यात निम्मं पदरचं घातलं असतं. ते आता नाहीत. म्हणून मला नीट आठवतंय तोवर मीच लिहून ठेवते. मला पदरचं घालता येत नाही, पण क्रमाने सांगता येतं. अडेल तिथे तुमची आई वाचून दाखवेल.

तेव्हा आम्ही दुबईत, इन्व्हेस्टमेंट्स पार्क नावाच्या भागात, आजोबांच्या कंपनीने दिलेल्या फ्लॅटमध्ये राहत होतो. आजोबा जबल अलीला एका मालवाहतुकीच्या कंपनीत होते. सकाळी कंपनीची बस त्यांना घेऊन जायची आणि संध्याकाळी खाली आणून सोडायची. आमच्या इमारतीतली सगळी मुलं पार्किंगमध्ये क्रिकेट खेळायची. तुमचा बाबा मात्र गोलकीपर. त्याचे हातमोजे बाल्कनीत दोरीवर वाळत असायचे आणि त्यांचा वास थेट स्वयंपाकघरापर्यंत यायचा. मी ते कपड्यांच्या साबणाने धुवायचे आणि तो चिडायचा, "आई, ग्रिप जाते!" मग मी वास सहन करायला शिकले.

त्याला शाळेत खेळ शिकवणारे सर वसईचे होते, ख्रिस्ती. वर्गात इंग्रजी, मैदानावर हिंदी आणि माझ्याशी मराठी बोलायचे. दर वर्षी चांगल्या मुलांच्या मॅचेसची ते सीडी करायचे आणि अमेरिकेतल्या कॉलेजांना पाठवायचे. बहुतेक ठिकाणांहून उत्तरही यायचं नाही. पण दोन हजार आठच्या उन्हाळ्यात तुमच्या बाबासाठी एका मोठ्या कॉलेजच्या कोचचा फोन आला. एकदा, मग पुन्हा. तिसऱ्या वेळी तुमच्या बाबाने हॉलमध्ये उभं राहून सांगितलं, "आय कमिट, कोच."

मी त्याच संध्याकाळी बर दुबईहून पेढे आणले.

"आई, थांब ना," तो म्हणाला. "इट्स ओन्ली व्हर्बल. सही फेब्रुवारीत असते. तोपर्यंत कोणीही बदलू शकतं."

"व्हर्बल म्हणजे काय?" आजोबा म्हणाले. "तू शब्द दिलास, त्यांनी घेतला. सुपारी फुटली. आता काय बदलायचंय?"

"बाबा, इट्स नॉट अ वेडिंग!"

पण आमच्या लेखी ते तसंच होतं. मी दारोदारी पेढे दिले. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी पेढा तोंडात टाकून विचारलं, "फुटबॉलचं कॉलेज म्हणता? मग अभ्यास कुठे करणार तो?"

"तिथेच. अभ्यासही असतो."

"मग बरं. नाहीतर लोक विचारतात हो."

त्यानंतर काही महिन्यांत सगळं पालटलं. तुम्ही ते शाळेत 'दोन हजार आठचा क्रॅश' म्हणून शिकाल. आम्हाला तो दिसला तो असा: इन्व्हेस्टमेंट्स पार्कच्या आसपास इमारती बांधणाऱ्या क्रेन हलायच्या थांबल्या. आजोबांच्या बसमध्ये जागा रिकाम्या दिसू लागल्या. जिन्यात खोके रचलेले असायचे, आणि कोणीतरी दार वाजवून विचारायचं, "वहिनी, सोफा हवा का? नुसता घेऊन जा." आजोबांची नोकरी राहिली, पगार मात्र कमी झाला. त्या दिवशी घरी येऊन ते म्हणाले, "खलास नाही झालेलं. नुसतं कमी झालंय." आणि चहा मागितला.

शाळेतूनही मुलं जाऊ लागली. वडिलांची नोकरी गेली की घरातल्या सगळ्यांचा व्हिसा जायचा. सरांना अकरा मुलं जमवणं कठीण झालं. दोन बचावपटू एकाच आठवड्यात केरळला परत गेले. सर मला म्हणाले, "वहिनी, आमची डिफेन्स तर अख्खी रिसेशनमध्ये गेली. आता तुमच्या पोराला देव पावो."

जानेवारीत उम्म अल कुवैनला मॅच होती. आम्ही दोघं गेलो होतो. समुद्राचा वारा होता आणि मैदानावर प्रेक्षक म्हणून आम्ही, दोन-चार पालक आणि एक मांजर. त्याआधी खेळायला कधी मिळालं नव्हतं अशी नववीतली मुलं बचावाला उभी होती. त्यामुळे चेंडू सारखा तुमच्या बाबाकडेच यायचा. तो डावीकडे झेपावत होता, उजवीकडे झेपावत होता, वाळू झटकून उठत होता, लहान मुलांना ओरडून उभं करत होता. आम्ही ती मॅच हरलो. पण इतकं चांगलं खेळताना मी त्याला आधी कधी पाहिलं नव्हतं, आणि नंतरही नाही. आजोबांचा घसा तर त्या दिवशी बसलाच.

सरांनी सवयीप्रमाणे त्याही मॅचची सीडी पाठवली. इतर मुलांसाठी पाठवली होती, पण तीत दिसत होता तुमचा बाबाच. आठवड्याभरात उत्तरेकडच्या एका लहान, बर्फातल्या कॉलेजच्या कोचचा फोन आला. ते म्हणाले, आमच्याकडे आलास तर पहिल्या सामन्यापासून गोलमध्ये तूच. राहण्याजेवणाचंही कॉलेज बघेल. पण तू दुसऱ्या कोणाला शब्द दिला आहेस असं कळलं. आधी त्यांना सांग, मग मी कागद पाठवतो.

त्या रात्री जेवताना तुमच्या बाबाने वरणात भात कालवून ठेवला आणि खाल्लाच नाही.

"मला बदलायचंय," तो म्हणाला.

आजोबांनी घास खाली ठेवला. "माझ्या पगारामुळे?"

"नाही."

"खरं सांग."

"पगारामुळे पण. आणि तिकडे दोन गोलकीपर आहेत, मला दोन वर्षं बेंचवर बसावं लागेल, म्हणून पण. बाबा, बोथ."

आजोबांनी पाण्याचा पेला पुढे ओढला. त्यांना त्या मोठ्या कॉलेजचं नाव फार आवडलं होतं, ऑफिसात सगळ्यांना सांगून झालं होतं. शब्द मोडायचा, ही गोष्ट तर त्यांना मुळीच सोसत नव्हती. शेवटी ते म्हणाले, "ठीक आहे. खेळायला मिळत नसेल तर जाऊन करायचं काय? पण शब्द परत घ्यायचा तर तो मोठ्यांनी घ्यायचा असतो. मी बोलतो त्यांच्याशी."

तुम्हाला हे विचित्र वाटेल. पण आमच्याकडे रीत तीच. ठरवताना मोठी माणसं बसतात, आणि मोडायची वेळ आली तर कमीपणाही मोठ्यांनीच घ्यायचा. मुलाला पुढे करायचं नाही. मलाही त्यात काही चुकीचं वाटलं नाही. तुमच्या बाबाचा तर जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, म्हणजे अमेरिकेत सकाळी, आजोबांनी धुतलेला शर्ट घातला. फोनवर शर्ट दिसत नाही हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनी फार नम्रपणे, आदल्या रात्री तयार केलेल्या इंग्रजीत, कोचची माफी मागितली. मग ऐकत राहिले. मग "ओके सर, ओके," म्हणून फोन ठेवला.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, मी तुमच्या मुलाला निवडलं होतं, तुम्हाला नाही. त्याला सांगू दे." आजोबांचा चेहरा पडला होता. "अगं, बाप बोलतोय! याहून काय हवं माणसाला?"

"आय विल ई-मेल हिम," तुमचा बाबा आतून म्हणाला.

तो ई-मेल काही लिहून होईना. दोन दिवस गेले. सहीचा दिवस जवळ येत चालला होता. दुसऱ्या कोचचे कागद अडले होते, आणि पहिल्या कोचकडे आता कोणत्या तोंडाने जायचं हा प्रश्न होता. दोन्हीकडून गेलो असतो. शेवटी मी सरांना चहाला बोलावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि तुमच्या बाबाकडे वळले.

"काय रे, पेनल्टी आली की बाबांना उभं करतोस काय गोलमध्ये?"

"नो, सर."

"ई-मेल करतोस?"

तुमचा बाबा हसला नाही.

"मग यल्ला, चल, लाव फोन. चहा गार व्हायच्या आत."

अजान नुकतीच संपली होती. तुमच्या बाबाने हॉलमध्ये, जिथून हो म्हणाला होता तिथूनच, नंबर फिरवला. आम्हाला त्याचीच बाजू ऐकू येत होती. त्याने एका दमात सांगून टाकलं: मी येत नाही, मी दुसरीकडे जातोय, तुम्हाला हे मी आधीच सांगायला हवं होतं. मग पलीकडून पुष्कळ वेळ बोलणं चाललं. तो नुसता "येस, सर," "आय नो, सर," "सॉरी, सर" म्हणत होता. कान लाल झाले होते. सर कपाकडे पाहत होते, आजोबा खिडकीकडे.

फोन ठेवून तो बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आला.

"रागावले?" आजोबांनी विचारलं.

"हो. माझ्यासाठी त्यांनी दुसऱ्या एका कीपरला नाही म्हटलं होतं. तो आता दुसऱ्या टीममध्ये गेला."

"मग रागावणारच. त्यांचा हक्क आहे."

"शेवटी गुड लक म्हणाले. पण परक्याला म्हणतात तसं."

"म्हणू दे," आजोबा म्हणाले, आणि त्यांनी तुमच्या बाबाच्या डोक्यावर हात ठेवला. तो तेव्हा त्यांच्यापेक्षा वीतभर उंच होता, त्यामुळे त्यांना हात बराच वर न्यावा लागला.

खालच्या काकूंना बातमी कळायला वेळ लागला नाही. "मोडलं म्हणे, वहिनी?"

"हो. दुसरीकडे जमलं."

"आता परत पेढे?"

तेव्हा मी पेढे वाटले नाहीत. इमारतीतली निम्मी दारं तोवर बंद झाली होती, आणि पुढच्या वर्षी काकूही पुण्याला गेल्या.

तुमचा बाबा त्या बर्फात चार वर्षं खेळला. पुष्कळ गोल अडवले, काही सोडले, आणि मग इंजिनिअर झाला. आता दुबईतली ती शाळा दुसरीकडे हलली आहे, आजोबांची कंपनी बंद झाली, आणि हातमोजे मी कधी टाकले ते मलाच आठवत नाही. पण कोणाला नाही म्हणायचं असेल तर तुमचा बाबा आजही स्वतः फोन उचलतो, नाही म्हणतो, आणि समोरच्याचा राग संपेपर्यंत फोन ठेवत नाही.