बागेचा पंचनामा

अकरा फेब्रुवारी, सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे. स्टेशन डायरीतली ही वेळ मला अजून पाठ आहे. सेवेचा राजीनामा देऊन आता दोन वर्षे झाली. तेव्हा मी बारामतीत उपनिरीक्षक होते.

फिर्यादी जळोचीचे. वडिलांच्या बंगल्यातली नवी बाग कोणीतरी विषारी फवारणीने जाळली, अशी त्यांची तक्रार होती. बंगला विकायचा होता आणि पैसे त्यांच्यात व त्यांच्या बहिणीत निम्मे वाटायचे होते. बागेचे अकरा लाख चाळीस हजारांचे बिल त्यांनी टेबलावर ठेवले. बागेविना बंगल्याची किंमत अठ्ठेचाळीस लाख होती. बाग पाहून गिऱ्हाईक पन्नासवर आले होते. दोन लाखांच्या वाढीसाठी अकरा लाखांचा खर्च मला खटकला. तरीही पंचनाम्यात नुकसान म्हणून मी बिलाचाच आकडा लिहिला. गुन्हा लवकर उघडकीस आणून वरिष्ठांच्या नजरेत भरायचे होते. झाडे मोजायला दुपार गेली असती.

पदवीला शिकलेले वनस्पतिशास्त्र मात्र कामी आले. गुलाब, जास्वंद, बोगनवेल यांचे शेंडे पिळवटून वाळले होते, पण हिरवळ आणि पाम टवटवीत होते. उसात तण मारायला जे औषध वापरतात, ते रुंद पानांची झाडे मारते आणि गवत, पाम अशा एकदल जातींना सोडते. बाग जाळणाऱ्याने घरात होते तेच औषध आणले होते.

शेजारच्या तात्यांनी हळूच खबर दिली. "पंप पाठीवर घेऊन बाई आली हुती. मला वाटलं, भावाच्या बागेला खत घालतीया. लई माया हाय म्हनलं!"

बहीण कोऱ्हाळे बुद्रुकची, पन्नाशीची, घरचा ऊस. मी विचारले, "मावशी, फवारणी कोणी केली?"

"मीच. हिरवळ तेवढी ऱ्हायली व्हय? आमच्या औषधाला तेवढी अक्कल न्हाय."

"पण का?"

"बागेचा खर्च आधी वजा करायचा, मग वाटणी, म्हनला. ठेकेदार कोन? त्याचाच मेव्हणा. माझं चोवीस लाख येनार हुतं, ते एकोनीसवर आलं. मला बारामतीत माझ्या नावानं दोन खोल्या घ्यायच्यात, मॅडम. आजवर माझ्या नावावर रेशनकार्डसुदिक न्हाय. म्हनलं, बागच न्हाय ऱ्हायली, तर वजा काय करनार?"

गुन्हा तीन दिवसांत उघड झाला आणि साहेबांनी पाठ थोपटली. मेव्हण्याच्या बिलाचा मुद्दा मी मांडला, तेव्हा "दिवाणी बाब" असा शेरा मिळाला. पुढे भावाने तक्रार मागे घ्यायला बहिणीला अट घातली: बागेचा पूर्ण खर्च वजावटीला मान्य कर. तोवर तो खर्च नुसता त्याच्या मेव्हण्याच्या बिलात होता. आता सरकारी कागदावर, माझ्या सहीने होता. त्याच्या वकिलाने तोच कागद पुढे सरकवला. खटल्याच्या भीतीने तिने सही केली. दोन खोल्यांचा विषय तिथेच संपला.

हा किस्सा ऐकून, बागेवर घराच्या किमतीचा किती हिस्सा खर्च करावा, असे लोक मला आजही विचारतात. माझे उत्तर कडू असते: तो पैसा कोणाच्या वाट्यातून जाणार आहे आणि कोणाच्या घरात, ते आधी पाहा. आणि माणसांविषयी म्हणाल, तर मोजल्याशिवाय लिहिलेला आकडा लबाड माणसाच्या फार उपयोगी पडतो.

तिच्या सहीनंतर चौथ्या दिवशी मी दोन पंच घेऊन बागेत गेले, एकेक झाड मोजले, रोपवाटिकेतले दर लावले आणि पुरवणी पंचनामा केला. तो कोणी मागितला नव्हता, कोणी वाचलाही नाही. मेलेली झाडे शहाण्णव. नुकसान रुपये एकेचाळीस हजार दोनशे.