विचुंब्याचा लाल शेरा

शाळेत मला कधी साठाच्या वर टक्के पडले नाहीत. शंभर टक्के मिळाले ते थेट चाळिशी उलटल्यावर, आणि तेही इंटरनेटवर.

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. खांदा कॉलनीतल्या आमच्या दोन खोल्यांत संगणक आला आणि मी लिलावाच्या एका साइटवर जुन्या वस्तू घेऊ-विकू लागलो. व्यवहार झाला की घेणाऱ्याने आणि देणाऱ्याने एकमेकांना शेरा द्यायचा. चांगला असेल तर हिरवा, वाईट असेल तर लाल. माझ्या नावावर एकोणीस शेरे होते, सगळे हिरवे. घरी येणाऱ्या माणसाला चहाच्या आधी मी ते पान दाखवत असे. बायको म्हणायची की पाहुणे हल्ली उभ्याउभ्याच का जातात, ते आता कळलं.

ताईलाही दाखवलं. भावोजींना जाऊन वर्ष झालं होतं. त्यांनी जन्मभर जमवलेल्या पोस्टाच्या तिकिटांचे सहा अल्बम तिच्या कपाटात होते. ते कुणा दुकानदाराला एकगठ्ठा द्यायचे नव्हते, जपणाऱ्याच्या हाती जावेत एवढंच तिचं म्हणणं. "तुझे शंभर टक्के आहेत म्हणून देते हं," ती म्हणाली आणि अल्बम माझ्या मांडीवर ठेवले. मी ते दहा दिवसांच्या लिलावाला लावले. कोलकात्याच्या एका निवृत्त गृहस्थांनी बोली लावली आणि सोबत इतके बारीक प्रश्न विचारले की ताई फोनवर म्हणाली, यांच्याकडेच गेले तर बरं होईल.

तिसऱ्या दिवशी माझा रेडिओ आला.

हा काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा जुना रेडिओ मी त्याच साइटवर घेतला होता. पैसे त्याच दिवशी विकणाऱ्याच्या बँक खात्यात भरले होते. भल्यामोठ्या खोक्यात भाताचा पेंढा ठासून भरलेला होता आणि मधोमध रेडिओ. पेंढा घरभर झाला म्हणून बायकोने तो गोळा करून सुकापूरच्या दूधवाल्याला म्हशींसाठी देऊन टाकला. मी ऐटीत प्लग लावला. डायलचा दिवा लागला. आवाज मात्र नाही. खुंटी फिरवली, थोपटून पाहिलं, कान लावला. मागचं पुठ्ठ्याचं झाकण उघडून बघायला हवं होतं, पण मला शॉकची भीती वाटते. जुन्या रेडिओंचा जाणकार म्हणून मिरवणाऱ्या माणसाने हे कबूल करू नये, पण आता लपवून काय करायचं?

झाकण उघडण्याऐवजी मी शेरा लिहिला. जागा एका ओळीची, त्यामुळे मी चांगला अर्धा तास शब्द घासूनपुसून बसवले. "बंद रेडिओ चालू म्हणून विकला. नुसता दिवा लागतो. हा माणूस फसवतो." लाल खूण केली आणि जेवायला बसलो.

जेवून येतो तर माझ्या नावावर लाल. "पैसे बुडवणारा माणूस. याच्याशी व्यवहार करू नका." सरळसरळ सूड. पैसे पोचल्याचं त्याने स्वतःच मला मेलवर कळवलं होतं. शंभराचे पंच्याण्णव झाले. शाळेत असे पंच्याण्णव मिळाले असते तर वडिलांनी पेढे वाटले असते. इथे मी ते पान पुन्हापुन्हा उघडून बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी अल्बमवरच्या दोघांनी बोली मागे घेतली. कोलकात्याच्या गृहस्थांनी अतिशय नम्रपणे विचारलं की त्या लाल शेऱ्याचा खुलासा मिळेल का. तेव्हा मी खोक्यावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता प्रथमच नीट वाचला. विचुंबे. आमच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटं. मी ज्याला जगासमोर फसवणारा म्हटलं होतं तो माणूस पलीकडच्या गावात राहत होता आणि माझा पत्ता त्याने स्वतःच्या हाताने खोक्यावर लिहिला होता, मजल्यासकट.

त्यानंतरचे चार दिवस मी कसे काढले ते मला ठाऊक. जिन्यात पाऊल वाजलं की मी आतल्या खोलीत. खाली मोटरसायकल थांबली की पडद्याच्या फटीला डोळा. त्या काळी नेट चालू असलं की घरचा फोन लागत नसे, म्हणून मी दिवसभर नेट चालूच ठेवलं. त्याचा फोन नको आणि ताईचाही नको. ताईच्या फोनची भीती जास्त होती. त्याने फार तर मला मारलं असतं. ताई नुसतं विचारणार होती, कसं चाललंय रे?

साइटच्या नियमांत एकच वाट होती. दोघांनी मिळून मान्य केलं तर दोन्ही शेरे मागे घेता येत. टक्के भरून निघत, मजकूर मात्र तसाच राही. मी तशी विनंती पाठवली. त्याचं उत्तर एका ओळीचं होतं. घरी या, मग बघू.

बायकोने सोबत येऊ का विचारलं. मी म्हटलं, नको, दोघं गेलो तर अल्बम कोण बघणार?

विचुंब्यात त्याचं घर शोधावं लागलंच नाही. ओटीवर आठ-दहा रेडिओ मांडलेले होते. माणूस पन्नाशीचा, अंगावर बनियन, हातात स्क्रू ड्रायव्हर. माझं लक्ष त्या स्क्रू ड्रायव्हरवरच खिळलेलं. त्याने बसायला सांगितलं, पाणी आणवलं आणि समोरच्या रेडिओचं मागचं झाकण काढलं. आतून एकेक काचेचा व्हॉल्व्ह हलक्या हाताने उपसला, पेपरच्या कागदात गुंडाळला आणि शेजारच्या खोक्यातल्या पेंढ्यात खोल खोचला. एक, दोन, तीन, चार, पाच.

मग माझ्याकडे बघून म्हणाला, "आमी असाच पाठवतो. आत ठेवला तर वाटंत फुटतो. वर्नानात लिवला हाय, शेवटल्या ओळीला. तुमी वाचला नाय?"

मी स्वतः वस्तूंची वर्णनं लिहिणारा माणूस. लोक ती वाचत नाहीत म्हणून रोज कुरकुरणारा. मी फोटो बघून बोली लावली होती.

मला वाटलं होतं तो ओरडेल. तो ओरडला नाही, त्यामुळे मी जास्तच घाबरलो. पैसे बुडवल्याचं त्याने रागाच्या भरात खोटंच लिहिलं होतं, हे त्याने लगेच मान्य केलं. वीस वर्षं रेडिओ दुरुस्त करतोय, फसवणारा असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं, असंही सांगितलं. मग विचारलं, "पेंढा कुठं हाय?"

दूधवाला. सुकापूर. म्हशी.

पाच काचेचे व्हॉल्व्ह पेंढ्यासकट म्हशीच्या गव्हाणीत पडलेत, एवढंच मला दिसत होतं. त्यालाही तेच दिसलं असणार, कारण त्याने बनियनवर शर्ट चढवला आणि मोटरसायकल काढली. चार दिवस जिच्या आवाजाला मी घाबरत होतो, तिच्याच मागच्या सीटवर बसून मी सुकापूरला गेलो. वाटेत मी मनातल्या मनात म्हशी मोजत होतो. आमच्या दूधवाल्याच्या सहा आहेत की सात, हे मला कधी माहीत नव्हतं. त्यातली एखादी कमी निघाली तर मला कसं कळणार?

गोठ्यात सगळ्या उभ्या होत्या, रवंथ करत. दूधवाल्याने आम्हाला बघून फळीवरून एक डबा काढला. पेंढा झाडताना पुड्या हाताला लागल्या, देवासमोरचे बल्ब असतील म्हणून ठेवल्या, पण वहिनींना सांगायचं राहून गेलं, म्हणाला. पुड्या पाच होत्या. विचुंबेकराने एकेक व्हॉल्व्ह उजेडात धरून पाहिला. पाचव्याला सगळ्यात जास्त वेळ लावला. पाचही शाबूत निघाले.

त्याने तिथेच सांगितलं, "पयला तुमी खरा लिवा. मंग मी बटन दाबतो."

घरी येऊन मी त्याच्या आणि माझ्या, दोन्ही नावांवरच्या लाल शेऱ्यांखाली लिहिलं की चूक माझी, व्हॉल्व्ह वेगळे बांधले होते, मी वर्णन वाचलं नाही. ही ओळ लिहायला अर्धा तास लागला नाही. संध्याकाळी त्याची मान्यता आली आणि पंच्याण्णवाचे पुन्हा शंभर झाले. पण शब्द दोघांचेही तिथेच राहिले, कोणीही वाचावेत असे. मी कोलकात्याला सगळं कळवलं, म्हशींसकट. तिकडून उत्तर आलं नाही.

लिलावाचा शेवटचा दिवस रविवार. ताई स्वतः बघायला आली. नेटने फोन अडवता येत होता, आता ताईला कसं अडवणार? खुर्ची ओढून ती माझ्या शेजारी बसली आणि मी काही बोलायच्या आत तिने माझ्या शेऱ्यांचं पान वाचलं. लाल शेरा, त्याखालची माझी ओळ, मग पुन्हा लाल शेरा. चष्मा काढला, पुसला, परत लावला. मला ती ओरडेल तर बरं असं वाटत होतं.

शेवटच्या दहा मिनिटांत कोलकात्याच्या गृहस्थांनी बोली वाढवली आणि अल्बम त्यांनाच मिळाले. सोबत एक ओळ होती, की पार्सल जपून यावं.

ताईने ती ओळ दोनदा वाचली. मग म्हणाली, "अल्बम मी बांधीन. तू नुसता पत्ता लिही."

दुसऱ्या दिवशी ताईने अल्बम बांधले, प्रत्येक दोन पानांमध्ये पातळ कागद घालून. मी जमिनीवर बसून खोक्यावर पत्ता लिहिला. ताई माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. लिहून झाल्यावर तिने खोकं स्वतःकडे ओढलं आणि कोलकात्याहून मेलवर आलेल्या पत्त्याशी पिन कोडचा एकेक आकडा बोट ठेवून ताडून पाहिला.