भामवलेली गाजरं

बायकोचं नाव घ्यायला माझ्या थोरल्या मामांइतका घाबरणारा, आणि तेच नाव दोन तालुक्यांत गाजवणारा बहाद्दर दुसरा जन्मायचा नाही! निमोण्याला मामांची गाजरांची शेती. आवाज असा, की ओसरीवरून बोलले तर बांधावरचा माणूस उत्तर देईल. पण मामीला हाक मारायची म्हटली की घसा बसलाच! जुन्या वळणाचा माणूस. चारचौघांत बायकोचं नाव घेणं म्हणजे आक्रीत. म्हणून ते लेकीच्या नावानं ओरडायचे. लेक लग्न होऊन शिक्रापूरला गेली तरी मामांचं आपलं ‘सुनंदाऽ’ चालूच, आणि मामी पाण्याचा तांब्या घेऊन हजर. स्वतःच्या लग्नात म्हणे उखाण्यात ‘नाव घेतो’पर्यंत आले, आणि जो ठसका लागला तो पंगती उठेपर्यंत थांबला नाही.

दुसरं वेड जेसीबीचं. तो विकत घ्यायचं नव्हे, त्याच्या नावाचं. “कंपनी कुठलीबी असंना, माती उकराया आला की त्यो जेसीबीच! ह्याला म्हंत्यात जिंकणं!” या ईर्षेनं मामांनी गाजरं धुवायचा फिरता ड्रम बनवला आणि त्यावर लाल ऑइलपेंटनं ठसठशीत लिहिलं, ‘भामा’. तोंडाला जमेना ते ब्रशानं केलं. मामी कडाडली, “मला चिखलात गरागरा फिरवताय व्हय!”

मी पुण्यात जाहिरातीच्या धंद्यात. लोक इंटरनेटवर काय शोधतात हे बघून जाहिराती लावणं, यावर माझं पोट. म्हटलं, “मामा, भामा म्हणून कोण शोधणार? ‘कॅरट वॉशर’ ठेवा.”

“भाचेबुवा, ड्रम इकला न्हाई तरी चालंल. पर ह्ये नाव लोकांच्या तोंडात बसलं पायजे!”

मी कपाळाला हात लावला आणि त्यांच्या हट्टापायी तशीच जाहिरात टाकली. हळूहळू आसपासच्या गावांत ड्रम खपायलाही लागले.

यंदाच्या थंडीत, लोक काय शोधत मामांच्या जाहिरातीवर आले ते बघत होतो, आणि खुर्चीतून उडालोच. ‘गाजर भामवायचं मशीन.’ ‘दौंडला गाजरं भामवून कुठं मिळतात?’ एका पठ्ठ्यानं तर विचारलं होतं, ‘आलं भामवता येतं का?’ अहो, थैल्या रिकाम्या करूनही भल्याभल्या कंपन्यांना जे साधत नाही, ते आमच्या मामांनी डबाभर रंगात साधलं! मी ऑफिसात पेढे वाटले.

दुसऱ्याच दिवशी मामा-मामींना घेऊन दौंडच्या बाजारात गेलो. एका अनोळखी व्यापाऱ्यानं पोत्यातलं गाजर उचलून विचारलं, “आबा, भामवलेला माल हाय न्हवं?”

मामांची छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण तुटतंय की काय! “आरं, पयली भामा आमचीच! भामा म्हंजी भामा!” अर्धा बाजार वळून बघायला लागला.

मामी पोत्यावर बसून पदरात हसत होती. हसू ओसरल्यावर हळूच म्हणाली, “समद्या बाजारात मशिनीला हाका मारताय. आता येकदा मला मारा की.”

मामांनी टोपी काढली, पुन्हा घातली. माझ्याकडं पाहिलं, मी मुद्दाम गाजरं निवडायला लागलो. मग कधी ऐकला नव्हता इतक्या हलक्या आवाजात ते म्हणाले, “भामा… चल, घरी जाऊ.”

मामी उठली नाही. डोळे पुसत म्हणाली, “आणिक येकदा.”