उंबऱ्यावरची कंदीलवाली

माझा दादा रस्त्याने चालतो तेव्हा समोर कमी आणि खाली जास्त बघतो. लोकांना वाटतं, बिचाऱ्याचं काहीतरी हरवलंय. हरवलेलं काही नसतं. त्याला जमीन हवी असते, आणि तीही नाण्याएवढी. भिंतीच्या कडेचं शेवाळ, सालीचा तुकडा, उखडलेल्या फरशीचा कोपरा असं काय काय त्याच्या खिशांत जमतं. मग कपडे धुताना वहिनी आमच्या अख्ख्या खानदानाचा उद्धार करते. नणंद म्हणून त्यातला माझा वाटा मला समोरासमोर मिळतो.

दादा कवळ्या करतो. दातांचे डॉक्टर साचे पाठवतात आणि हा खिडकीपाशी बसून त्यांतून लोकांचं हसू घडवतो. टेबलावर गुलाबी मेण, पांढरं प्लास्टर, बारीक चिमटे, कोरण्या. काम संपलं की त्याच कोरण्यांनी तो आमच्या खेळातल्या मूर्तींना उभं राहायला जागा करून देतो.

खेळ रविवारी दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलावर चालतो. गोष्ट सांगतो शेजारचा औषधवाला. ऐन रंगात आली की तो घड्याळ बघतो आणि उरलेली पुढच्या रविवारी म्हणतो, म्हणून आम्ही त्याला डोस म्हणतो. बाकीचे आम्ही त्या गोष्टीतली माणसं. फासे टाकायचे आणि आपल्या नशिबात काय आहे ते बघायचं. प्रत्येकाची अंगठ्याच्या पेराएवढी एक मूर्ती आहे. मी दरोडेखोर. दिवसभर दुकानात लोकांच्या पँटी आखूड करून झाल्यावर माणसाला दरोडे घालावेसे वाटणारच. वहिनी खरी नर्स आहे, पण खेळात ती कुणाच्या जखमेला हात लावत नाही, मजेत विष कालवते. आणि दादाची लेक भिंगरी ही कंदीलवाली. अंधाऱ्या भुयारात सगळ्यांच्या पुढे ती. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून भिंगरी हे नाव पडलं. आता पूल बांधायचं शिकून इंजिनियर झाली, तरी ते सुटलं नाही.

दादा फासे टाकत नाही. तो फक्त जमीन देतो. मूर्तीच्या पायाखाली गोल चकती असते, ती नुसती काळी ठेवली तरी खेळ अडत नाही. पण दादा विचारणार, "हा कशावर उभा आहे?" जमिनीवर, असं उत्तर दिलं की त्याचा चेहरा पडतो. कसली जमीन? ओली की कोरडी? त्या वाटेने आधी कुणी गेलंय का? एकदा मी वैतागून म्हटलं, "दलदलीत रुतलेय मी, बास?" तर त्याने मला खरोखर दलदल दिली. चहाचा चोथा वाळवून पाचोळा केला. पातळ वार्निशचा एक थर दिला, तो वाळल्यावर दुसरा, मग तिसरा, असं करत त्याने नखाएवढं पाणी साठवलं. त्या पाण्याकडे बघता बघता दुपारची माझी कितीदा पापणी मिटलीय. तेवढ्यात मी कुठेतरी हिरव्या उजेडात उभी असते, घोट्यापर्यंत गार, आणि लांबून कुणीतरी फासे खुळखुळवत असतं.

तर या घरात एक पत्र आलं. भिंगरीला लांबच्या शहरात नोकरी लागली होती, समुद्राच्या खाडीवर पूल बांधायची. असल्या कामासाठी ती वर्षभर झुरत होती. वहिनीने तिला मिठी मारली, मी नाचले. दादा म्हणाला, "छान झालं." आणि प्लास्टर कालवायला गेला.

दादाला ती जायला नको होती. आम्हा सगळ्यांना ते दिसत होतं, भिंगरीला तर जास्तच. म्हणून ती कंपनीला हो कळवत नव्हती. रोज उद्यावर ढकलत होती. बाप तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेला आणि लेक त्याच्या तोंडाकडे बघत. माझा राग नाकावर असतो. मी दादाला म्हटलं, "अरे, तोंड उघडून काहीतरी बोल. जा म्हण, नाहीतर जाऊ नको म्हण. तिचा जीव टांगणीला लावू नकोस."

तो म्हणाला, "तिने नवी जमीन मागितलीय. ती करतो आधी."

भिंगरीने मागितली होती खरी. कंदीलवालीला बरोबर न्यायचं होतं. नेहमीप्रमाणे दादाने विचारलं, "कशावर उभी आहे ती?" तर ती म्हणाली, "तुम्हीच ठरवा, बाबा."

त्यानंतरचे दिवस घर झोपेत चालल्यासारखं होतं. दादा डोळ्यांना भिंग लावून वाकलेला असायचा. मी मागे उभी राहिले तरी त्याला कळायचं नाही. आपलं खरं घर कुठे संपतं आणि त्या चकतीवरचं कुठे सुरू होतं, हे बघता बघता मलाही कळेनासं व्हायचं. कारण त्याने आमचाच उंबरा केला होता. मधे झिजलेला, डाव्या कोपऱ्यात टवका उडालेला. एका बाजूला आतल्या फरश्या, सुताची गुंडी उलगडून केलेलं पायपुसणं. दुसऱ्या बाजूला बाहेरची वाट, चहाच्या गाळणीने चाळलेली बारीक धूळ. एवढ्याशा जागेत संध्याकाळ झाली होती. मला आत शिरून चपला काढाव्याशा वाटल्या.

रविवारी त्याने चकती टेबलाच्या मधोमध ठेवली. कंदीलवालीच्या टाचेतून तार घालून तिला उंबऱ्यावर पक्कं रोवलेलं होतं. कंदिलाचा पिवळा उजेड त्याने फरशांवर इतका हलका रंगवला होता, की वहिनीने बोट लावून बघितलं.

डोस म्हणाला, "वा! कंदीलवाली घरी परतली म्हणायची!"

तेव्हा कुठे आम्हाला दिसलं. तिचं तोंड आत होतं, वाटेकडे पाठ. दादा स्वतःही बघत राहिला. त्याच्या तर हे मनातच आलं नव्हतं. प्रत्येकाला खोदून खोदून प्रश्न विचारणाऱ्या या माणसाने आपल्या लेकीची मूर्ती कुठे निघालीय, एवढंच विचारलं नव्हतं. त्याचे कान लाल झाले.

भिंगरीने चकती हातात घेतली. बराच वेळ बघितली. मग अगदी सहज म्हणाली, "बाबा, मी नाही जात. इथेच बघेन काहीतरी."

दादाला हेच तर ऐकायचं होतं. त्याच्या चेहऱ्यावर आनंद आला, मी पाहिला, आणि मला त्याचा इतका राग आला की सांगता सोय नाही. पण तो आनंद टिकला नाही. त्याने तिच्याकडे नीट बघितलं. ती हसत होती आणि हनुवटी थरथरत होती.

"दे इकडे," तो म्हणाला.

कवळीचं मेण कापायची त्याची पातळ पाती असते. ती त्याने मूर्तीच्या पायाखाली सरकवली. डोसने श्वास रोखला, कारण अशा वेळी घोटा मोडतो आणि मग मूर्ती कायमची लंगडी होते. गोंद सुटल्याचा बारीक आवाज आला. तारेवरच त्याने तिला हळूहळू फिरवलं, भिंतीकडे, खिडकीकडे, आणि वाटेकडे तोंड आल्यावर थांबला. खाली गोंदाचा थेंब सोडला आणि वाळेपर्यंत दोन बोटांत धरून ठेवलं.

"आता बघ," तो म्हणाला. "जायचंय ना तुला? मग जा. माझ्या तोंडाकडे बघू नकोस. माझं तोंड हे असंच आहे."

भिंगरी रडली. मीही रडले, उगाच लपवत नाही.

मग डोसने नेहमीसारखी खोड काढली. "पण उजेडाचं चुकलं की. कंदील बाहेर गेला आणि फरशा अजून पिवळ्याच. आत कसला उजेड?"

दादाने ब्रश उचलला. फरशा पुन्हा राखाडी करायला निघाला होता तो. वहिनी कप उचलता उचलता म्हणाली, "राहू दे ना. आत आपण आहोत. दिवा नाही का लावणार?"

दादाचा ब्रश तसाच राहिला. थोड्या वेळाने त्याने तो पिवळ्यात बुडवला, पुसून पुसून कोरडा केला आणि कंदिलासमोरच्या धुळीवर एकदाच फिरवला. भिंगरी कंपनीला फोन करायला उठली.

आता ती तिकडे खाडीवर आहे. कंदीलवाली तिच्या खिडकीत उभी असते. दादा अजून खाली बघत चालतो, खिसे अजून भरतात, वहिनी अजून उद्धार करते. एक नवीनच झालंय. दारातला दिवा तो भर दुपारी लावून ठेवतो. मी येता-जाता ओरडते, "अरे, ऊन पडलंय बाहेर!" तो ऐकून न ऐकल्यासारखं करतो. परवा तो बाजारात गेला होता आणि घरात मी एकटीच होते. दिवा बंद करायला बटणापर्यंत गेले, आणि तशीच परत आले.